उजवी नाकपुडी देवाची

डावीकडून

बाटली हलवा. टोपण काढा. मान जराशी खाली. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, टोक बाहेरच्या कडेला वळवून. मधल्या पडद्यावर मारू नका. दोनदा दाबा. जोरात ओढायचं नाही, साधा श्वास घ्यायचा. मग हात बदलून उजव्या नाकपुडीत. रोज सकाळी. त्रास असो नसो.

पूनमनं हे कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून न्हाणीजवळच्या आरशाशेजारी चिकटवलं होतं. नवी पेठेतल्या औषधाच्या दुकानात ती आठ वर्षं काउंटरला उभी होती. कुणाला काय किती मोठ्या अक्षरांत सांगावं लागतं, ते तिला बरोबर ठाऊक. तिचा बाप बिरप्पा, वय सहासष्ट, शाळा चौथीपर्यंत. त्यानं बोट लावत लावत कागद वाचला. हलवा, काढा, दाबा, इथवर त्याची काही तक्रार नव्हती. बोट शेवटच्या तीन शब्दांवर येऊन अडलं.

"त्रास नसताना कशाला?"

"त्रास हुऊ नये म्हणून."

"आन न्हाय झाला तर?"

"तर औषधानं झाला न्हाय म्हणायचं."

"औषध न घेता बी झाला नसता, तर?"

पूनमनं जेवणाचा डबा पिशवीत टाकला. "आबा, मिरगाच्या आधी मेंढरांना लस टोचत हुता न्हवं? तवा मेंढरांना काय झालेलं असायचं?"

"मेंढरं विचारत न्हाईत."

"म्हणून तर जगली," आतून मायाक्का म्हणाली.

बिरप्पा बायकोच्या बोलण्यावर हसला नाही. आषाढ सरत आला होता. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घराभोवतीच्या मोकळ्या प्लॉटांत गाजर गवत गुडघ्याएवढं झालं होतं, पण अजून त्याला पांढरा फुलोरा आला नव्हता. त्याचं नाक कोरडं ठणठणीत होतं. ठणठणीत नाकात कुणी औषध मारायला सांगतं तेव्हा सांगणाऱ्याच्या मनात दुसरंच काही असतं, असं त्याला वाटलं. आणि पूनमच्या मनात काय असतं, ते त्याला बारा वर्षं कळलेलं नव्हतं.

उजवीकडून

आता शिंकेचं सांगायला हवं.

घरातून निघताना शिंक आली की माणूस पायरीवर टेकतो, घोटभर पाणी पितो, मग निघतो. एवढं सगळेच पाळतात. बिरप्पाच्या शिंकेचं प्रकरण त्याच्या पुढं गेलेलं. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात मेंढा बघताना त्यानं दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि त्याला शिंक आली, की घेणारा गडी हातातलं दावं सोडून द्यायचा. असे सोडलेले तीन मेंढे महिन्याच्या आत मेले, म्हणतात. सोडलेले आणि न मेलेले किती, याची चौकशी कुणी केली नाही.

एकच शिंक आली तर ती आडवी. लागोपाठ दुसरी आली तर आडवेपणा फिटला, काम खुशाल करा. हा नियम बिरप्पाचा नव्हे, सगळ्या भावकीचा. पण तो चालायचा बिरप्पाच्या नाकावर. बोअर मारायची आहे, थोरल्याला बोलवा. घराचा पाया खणायचाय, थोरल्याला बसवा. सोयरीक जमवायची तर त्याला मधोमध. तो मांडी घालून बसायचा, लोक बोलता बोलता त्याच्या तोंडाकडं बघायचे, आणि काही आलं नाही की देवानं होय म्हटलं असं धरून चालायचे.

माणसाला आयुष्यात फार थोड्या गोष्टी फुकट मिळतात. बिरप्पाला हा मान मिळाला होता.

ती एक

बारा वर्षांमागं, श्रावणात, गावाकडच्या अंगणात पूनमची सुपारी होती. पूनम एकवीस वर्षांची. मुलगा कुमार, पतसंस्थेत कारकून. दोघं एका कॉलेजात होती, दोघांना हे लग्न हवं होतं, आणि दोघांच्या घरच्यांनी ते आपणच ठरवलं असं दाखवलं होतं. बिरप्पाच्या धाकट्या भावानं, सिदूनं, अडकित्त्यात सुपारी धरली.

बिरप्पाला शिंक आली. एकच आली.

सिदूनं अडकित्ता खाली ठेवला. पाहुणे थोडा वेळ बसले, चहा घेतला, मग गाडीत बसून गेले. पुढच्या वर्षी कुमारचं दुसरीकडं झालं. पूनमला नंतर तीन स्थळं आली. तिन्ही वेळा कुणीतरी पाहुण्यांना हळूच विचारलं, हिची एकदा सुपारी परतली ना? चौथं स्थळ तिनं येऊच दिलं नाही. सोलापूरला येऊन औषधाचा डिप्लोमा केला, नोकरी धरली. बापाचे गुडघे गेले, मेंढरं विकली, तेव्हा दोघांना इकडं आणलं. त्या दिवसाबद्दल ती घरात एक अक्षर बोलली नाही. सकाळी बापाचा चहा, रात्री बापाच्या गोळ्या. ओरडली असती तर बिरप्पाला उत्तर देता आलं असतं. उत्तर तयार होतं: देवाचं हुतं, माझ्या हातात काय?

कान, नाक, घसा

जेठ महिन्यात ती त्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. मागच्या पावसाळ्यात रात्र रात्र तो उठून बसायचा, डोळे लाल, तोंडानं श्वास.

"कधी होतं?" डॉक्टरनं विचारलं.

"पावसुळ्यात. श्रावण-भादव्यात लई."

"धुळीनं? जनावरांनी?"

"जनावरात जलम गेला."

"गाजर गवत कापता का कधी? त्याच्यात गेल्यावर वाढतं का?"

"न्हाय," बिरप्पा म्हणाला.

पूनमनं मान वळवून बापाकडं पाहिलं.

कारण ते खोटं होतं. बारा वर्षांमागच्या त्या सकाळी पाहुणे येणार म्हणून अंगणातलं कमरेइतकं गाजर गवत बिरप्पानं स्वतः विळ्यानं कापलं होतं आणि कुडामागं ढीग लावला होता. पूनमनं त्याला पाणी नेऊन दिलं होतं.

डॉक्टरनं निदान सांगितलं, गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी. फवारा लिहून दिला. लगेच गुण येत नाही, म्हणाला, पूर्ण लागू पडायला दोन आठवडे जातात. म्हणून गवत फुलायच्या आधीपासून रोज मारायचा, खंड पडू द्यायचा नाही.

सगळा घोळ इथं होता, आणि बिरप्पा तो रिक्षात बसायच्या आधीच समजून चुकला होता. औषधानं शिंक थांबली, तर शिंक गवताची. शिंक गवताची, तर तीही गवताची. आणि ती गवताची असेल, तर आपल्या पोरीचं बारा वर्षांचं काय, याला त्याच्याकडं उत्तर तयार नव्हतं.

तेव्हा औषधावर संशय घेणं भागच होतं.

सिदूचा फोन, आणि दुसऱ्या दिवशीचं बोलणं

"दादा, माझ्या राजेश्वरीचं जमत आलंय. वेळापूरचं पावणं हायत. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी सुपारी, हितंच देगावला, घरी. तुमी बसायचं."

"बसतो की."

"तुमी बसला म्हंजी शंका ऱ्हात न्हाय."

दुसऱ्या दिवशी पूनम दुकानातून आली. चपला काढता काढता म्हणाली, "राजेश्वरी आली हुती काउंटरला."

"काय बरं न्हाय का तिला?"

"तिला बरं हाय. मला म्हणाली, अक्का, थोरल्या आबांच्या नाकाला काय तरी द्या."

मायाक्कानं पदर तोंडाला लावला. बिरप्पाला तो पदर दिसला.

"म्हंजी त्या पोरीसाठी माझ्या नाकाला बूच मारायलीस तू."

"तुमी रातभर बसून असता म्हणून देतीय. जेठातच दिलंय डॉक्टरांनी, तवा सुपारीचा पत्ता न्हवता." ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. "पर तिला पोरगा आवडलाय, आबा. दोन्हीकडं मारा. रोज."

बारा वर्षांत ती त्या विषयाच्या एवढी जवळ कधी आली नव्हती. बिरप्पा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तोंडावर काही नव्हतं. हेच त्याला पसंत नव्हतं.

शेजारून

शेजारचा बसप्पा, अक्कलकोटकडचा, गिरणीतून निवृत्त. त्यानं बाटलीच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद चष्मा वर-खाली करून वाचला.

"बिरप्पण्णा, ब्याडा. घेऊ नका. स्टिरॉइड हाय की ह्यात."

बिरप्पाला स्टिरॉइड माहीत होतं. बाजारात काही लोक मरतुकड्या मेंढ्याला सुई टोचून आठ दिवसांत फुगवून आणत. मेंढा चकचकीत दिसायचा, विकला की महिन्यात पाय पसरायचा. म्हणजे पोरगी मला फुगवती तर? त्यानं रात्री जेवताना विचारलं.

"त्ये टोचल्यावर अंगभर जातंय, आबा. हे थेंबभर, नाकातच काम करतंय. डॉक्टरांनी तुमचं वय बघून, साखर बघून दिलंय."

"थेंबभर म्हणतीस, म्हंजी हाय."

"हाय."

"बसप्पा खोटं बोलला न्हाय मग."

"खोटं बोलला न्हाय. अर्धं वाचून बोलला."

वाटणी

बिरप्पानं तोड काढली. रात्रभर विचार करून काढलेली, आणि अशी की ती त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

नाकपुड्या दोन आहेत. डावी डॉक्टरची. उजवी देवाची.

पूनमचा शब्द मोडायचा नाही. औषध रोज घ्यायचं, एक दिवस चुकवायचा नाही. पण फक्त डावीत. उजवीला हात लावायचा नाही. गवताचं जे असेल ते डावीकडं कळेल. देवाला काही सांगायचं असलं तर त्याला उजवीकडची वाट मोकळी. कुणाला फसवणं नाही, कुणाला अडवणं नाही. पंचांनी बांध घालून द्यावा तशी वाटणी त्यानं आपल्या तोंडावर केली आणि हलकं वाटून झोपला.

पहिल्या दिवशी. डावीत दोन दाब. वास आला, फुलासारखा. औषधाला फुलाचा वास कशाला? काय झाकायचं असेल?

तिसऱ्या. काही नाही.

सहाव्या दिवशी पण काही नाही. बाटलीत नुसतं पाणी असेल, असं त्याला वाटायला लागलं. डॉक्टर पाणी देईल, दुकानवाला पाणी विकेल. पण पोरगी पाणी देईल का, इथं तो अडला.

नवव्या दिवशी प्लॉटांमधलं गवत पांढरं झालं. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत त्या झाडाला एवढी फुलं येतात, हे बिरप्पाला नेहमीच खटकत आलेलं.

बाराव्या दिवशी मायाक्का म्हणाली, "अवो, एकाच बाजूनं काय गळायलंय तुमचं? दुसरी काय सुट्टीवर गेली?" तो उठून बाहेर गेला.

चौदाव्या दिवशी तो शहाण्या माणसासारखा प्लॉटात शिरला, एक तुरा तोडला, हातावर चुरगाळला. उजवी नाकपुडी अंगठ्यानं बंद करून डावीनं ओढलं. शांत. मग डावी बंद करून उजवीनं. पाच शिंका, डोळ्यांतून पाणी, रस्त्यावरचा भाजीवाला थांबून बघायला लागला.

आता एखाद्यानं म्हटलं असतं, झालं की सिद्ध. बिरप्पा प्लॉटाच्या कडेला दगडावर बसला, नाक पुसलं, आणि त्यानं उलटं सिद्ध केलं: औषधानं डावी बहिरी केली. उजवी अजून जागी आहे. जागी आहे म्हणून तिला कळतं.

पण हे ठरवल्यावर जेवढं बरं वाटायला पाहिजे होतं तेवढं वाटलं नाही. पाच शिंका नेमकं काय सांगत होत्या, हा प्रश्न उरला. प्लॉटात त्यानं कुणाचं लग्न ठरवायला घेतलं नव्हतं.

बाटली

"आबा, ही जड का?"

"तुझा हात थकला आसंल."

"आज अठरावा दिवस. अर्ध्याच्या वर संपाय पायजे." पूनमनं बाटली कानाशी हलवली. दुकानातली सवय. "चुकवताय."

"बिरोबाची आण. एक दिवस चुकला न्हाय."

तिनं बाटली परत एकदा हलवून पाहिली. बाप बिरोबाची खोटी आण घेणार नाही, हे तिला माहीत होतं. बाटली खोटं बोलत नाही, हेही माहीत होतं. त्या रात्री त्या घरात दोन माणसं एकमेकांवर संशय घेत आमटी-भाकरी जेवली, आणि तिसरं माणूस दोघांना वाढत होतं.

तिसरा सोमवार

सिदूचं घर देगावच्या टोकाला. पूनमनं आई-बापाला दोन फेऱ्यांत स्कूटरवर आणलं. अंगण लख्ख. ओसरीवर पाहुण्यांना घोंगडी अंथरलेली. नवऱ्या मुलाचा बाप धोंडीराम, त्याची म्हातारी आई अक्कम्मा आणि नवऱ्या मुलासकट आणखी चौघं येऊन घोंगडीवर बसली. कोण कुठं बसलं ते बिरप्पानं नीट पाहून घेतलं. मग त्याला मधोमध बसवलं.

बसल्या बसल्या उजव्या नाकपुडीत मुंगी चालल्यासारखं झालं.

"सिदू, गवत कधी कापलंस?"

"सकाळीच की. पावणं येणार म्हणून."

ढीग कुंपणापाशी पडलेला दिसत होता. वारा तिकडूनच होता.

धोंडीराम बोलत होता, मुलाच्या नोकरीचं, श्रीपूरच्या कारखान्यात कायम झाल्याचं. बिरप्पाला अर्धं ऐकू येत होतं. दारात राजेश्वरी होती. तिनं पाहुण्यांकडं एकदाही पाहिलं नाही, नवऱ्या मुलाकडंही नाही. ती बिरप्पाच्या नाकाकडं बघत होती. तिच्या मागं चहाचा ट्रे घेऊन पूनम.

सिदूनं अडकित्त्यात सुपारी धरली.

बिरप्पाला शिंक आली. उजवीकडून.

सगळं थांबलं. सिदूचा हात जिथल्या तिथं राहिला. पाहुण्यांतल्या एकानं धोंडीरामच्या मांडीला हात लावला. राजेश्वरीनं दाराची चौकट धरली.

आणि दुसरी येत होती. बिरप्पाला ती चढताना कळत होती, आणि त्याच वेळी त्याचा उजवा हात, त्यानं न सांगता, मांडीवरून उठला, अंगठा आणि बोट नाकाच्या दोन्ही बाजूंना आली आणि चिमटीत नाक धरायला निघाली. अगदी सराईतपणे. मेंढराचं तोंड धरून औषध पाजणाऱ्या हाताला विचार करावा लागत नाही तशी.

बिरप्पानं स्वतःचा हात पाहिला.

मागं लिहिलंय, "एकच आली." ते खोडा. ते बिरप्पानं सांगितलेलं होतं, आणि इतक्या वेळा की ते लिहिताना कुणी थांबलं नाही. खरं असं आहे: एकच येऊ दिली. दुसरी आली होती. दुसरी आली असती तर आडवेपणा फिटला असता. त्यानं ती चिमटीत धरून मारली होती. देवाची वाट म्हणून जी नाकपुडी त्यानं अठरा-वीस दिवस राखून ठेवली, तिच्या तोंडाशी बारा वर्षांमागं त्याचीच बोटं बसलेली होती.

हात नाकापर्यंत पोचला नाही. तो खाली पडला.

दुसरी शिंक आली. मग तिसरी. मग पाठोपाठ अशा की त्याला श्वास घेता येईना, पटका ओघळला, डोळे गळायला लागले. अक्कम्मा बोटांवर मोजत होती. सातवर ती थांबली.

"सात," ती म्हणाली. "एक वाईट, दोन चांगल्या. सातचं काय आसतंय?"

कुणालाच माहीत नव्हतं.

बिरप्पानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "सातचं गवत आसतंय," तो म्हणाला. "त्यो ढीग हाय न्हवं, त्याच्या वाऱ्यात बसवलंय मला. डॉक्टरनं सांगितलंय. औषध बी चालू हाय."

"दादा, मग देवाचं?" सिदूचा अडकित्ता अजून तसाच.

"देवाचं मला ठावं न्हाय. गवताचं ठावं हाय." तो थांबला. समोर बघून बोलायचं त्याला जमेना, म्हणून घोंगडीकडं बघून बोलला. "पूनमच्या येळंला बी सकाळी मीच गवत कापलं हुतं. ती बी गवताचीच शिंक हुती. फोड सुपारी."

चहाच्या कपांचा आवाज झाला. पूनमनं ट्रे खाली ठेवला होता.

भावकीतले दोघे-तिघे एकमेकांकडं बघायला लागले. थोरल्याला झालंय काय, औषधानं डोक्यावर परिणाम झाला का, असं त्यांच्या तोंडावर सरळ लिहिलं होतं. सिदू धोंडीरामकडं बघत होता, धोंडीराम आईकडं.

"आमच्यात एवढं न्हाय बगत," अक्कम्मा म्हणाली. "चहा गार व्हायलाय."

सुपारी फुटली.

राजेश्वरी आत पळाली, आणि आतून बायकांचा गलका झाला. बिरप्पाजवळ कुणी आलं नाही. जेवणं होईपर्यंत लोक त्याच्याशी नीट बोलले, पण बाजारातून परत आलेल्या मेंढ्याकडं बघतात तसे अधूनमधून बघत राहिले. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्याचं लक्ष पूनमकडं होतं. ती वाढत होती. त्याच्या ताटात तिनं सगळ्यांसारखंच वाढलं, सगळ्यांएवढंच.

स्कूटरवर

मायाक्का आवरायला मागं राहिली. पूनम बापाला घेऊन निघाली. शहर लागलं. बिरप्पाला वाटत होतं, आता काहीतरी बोलेल. चांगलं बोलेल असंही त्याला आतून वाटत होतं. सगळ्यांपुढं बोललो आपण. सोपं नव्हतं ते.

"आबा," ती आरशात न बघता म्हणाली, "दोन्हीकडं मारत न्हवता न्हवं?"

"डावीतच मारलं."

"उजवी?"

"ठेवली हुती."

"कुणासाठी?"

त्यानं पटका सारखा केला. थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "सगळ्यांपुढं कशाला बोललात? घरात मी एकटी असताना बोलायचं. तितं सगळ्या बायका माझ्याच तोंडाकडं बगत हुत्या."

हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आन अर्धंच बोललात."

बिरप्पानं मागच्या दांडीवरची पकड घट्ट केली.

"आज हात उचलला तुमी. नाकाकडं. तवा बी उचलला हुता. मी दारातच हुते, आबा. मला दिसला हुता."

सात रस्ता चौकाच्या अलीकडं तिनं स्कूटर कडेला घेतली आणि पाय टेकले. मागून रिक्षा वळसा घालून गेल्या. ती वळली नाही. तिची मान, मानेवरचे दोन-चार पांढरे केस, एवढंच त्याला दिसत होतं. तेहतिसाव्या वर्षी पांढरे. ते कधी झाले?

"गवताचं मला डिप्लोमाच्या पयल्या वर्षीच कळलं," ती म्हणाली. "त्याचा राग न्हाय. तुमाला त्ये ठावं न्हवतं. पर हात कशाला उचलला? बारा वर्सं म्या ह्येच इचारायचं ठरवत हुते."

तिच्या बोलण्यातला गावाकडचा हेल आता पुरता जाड झाला होता.

बिरप्पानं खोटं शोधून पाहिलं. दोन-तीन सापडली. पोराची चाल बरी नव्हती, असं सांगता आलं असतं. तू लांब जाशील म्हणून माझा जीव तुटला, हे तर फार चांगलं होतं. ते तिनं मानलंही असतं, निदान मान्य केल्यासारखं केलं असतं.

"पावणं घोंगडीवर बसलं न्हाईत," तो म्हणाला.

"काय?"

"कुमारचा बाप. घोंगडी हातरली हुती, म्या माझ्या हातानं. त्यानं बगितली, आन खुर्ची मागितली. लोकरीचं टोचतंय म्हणला. पावण्यांत हसला त्यो."

पूनमनं गाडी बंद केली.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

सिग्नल दोनदा सुटला आणि दोनदा पडला. बिरप्पा थांबून राहिला. तिचे खांदे हलतायत का ते तो बघत होता, आणि हलत नव्हते, आणि तेही त्याला बरं वाटत नव्हतं.

"उतरा," ती म्हणाली. आवाज साधाच. "रिक्षानं या. पैसे हायत न्हवं जवळ?"

"हायत."

"मला जरा एकटीनं जायचंय."

तो उतरला. गुडघा धरून सरळ उभा राहायला त्याला वेळ लागला, तेवढी ती थांबली. मग गाडी चालू करून पुढं गेली. तिनं मागं वळून पाहिलं की नाही, हे बिरप्पाला कळलं नाही. मध्ये बस आली.